नेपाळ-तिबेटचा शेजार : नाण्यांतील तांबें व मिठांतील माती

दोन राष्ट्रांच्या संबंधांचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखकाची दृष्टि बहुधा तहनाम्यांकडे व लढायांकडे वळते. तहनाम्यांस तारखा असतात, लढायांस सेनापति असतात, आणि दोहोंचेही कागद दप्तरांत सुरक्षित राहतात. परंतु सीमेवरच्या बाजारांत तागडी कशी धरली जात होती, नाणें वाजवून पाहतांना दुकानदाराच्या कपाळास आठी कां पडत होती, याची नोंद कोणी आवर्जून ठेवीत नाहीं. वस्तुतः पुष्कळदां लढाईचें बीज तेथेंच असतें. नेपाळ व तिबेट या दोन शेजाऱ्यांचा तीनशें वर्षांचा व्यवहार हें याचें इतकें स्पष्ट उदाहरण आहे कीं, तो वाचकांपुढें थोडा विस्तारानें मांडावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

विषय दूरचा खरा. पण अगदींच परका नव्हे. सोनाराच्या शेगडीजवळच्या डबींतील टाकणखार, देवावर ढाळावयाची चवरी आणि वैद्याच्या बटव्यांतील कस्तुरी हे जिन्नस महाराष्ट्रांतील जुन्या घरांस अपरिचित नव्हते. एके काळीं हे तिन्ही बव्हंशीं हिमालयाच्या पलीकडून येत, आणि त्यांचा एक मोठा रस्ता काठमांडूवरून पाटण्यास उतरत असे. हिमालय ही भिंत आहे असें आपण शाळेंत शिकतों. परंतु या भिंतीस दारें आहेत. काठमांडूच्या ईशान्येस कुती व वायव्येस केरुंग हे दोन घाट इतर हिमालयीन खिंडींच्या मानानें सखल व सोयीचे आहेत. तिबेटांतून लोंकर, टाकणखार, कस्तुरी, चवऱ्या, सोन्याची रेती आणि सामान्य माणसाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें असें मीठ या घाटांनीं खालीं येई. खालून तांदूळ, कापड, तांब्यापितळेचीं भांडीं, पोंवळीं व तंबाखू वर जाई. सह्याद्रीच्या घाटांतून कोंकणचें मीठ वर चढे व देशावरचें धान्य खालीं उतरे, तशीच ही देवघेव होती. फरक इतकाच कीं, तेथें मीठ वरून खालीं येई व धान्य खालून वर जाई. नेपाळच्या डोंगरांत मीठ नव्हतें, तिबेटच्या पठारावर भात पिकत नव्हता. निसर्गानेंच दोघांस एकमेकांचे ऋणी करून ठेवलें होतें.

या व्यापाराचे खरे धनी काठमांडूच्या खोऱ्यांतील नेवार लोक. सतराव्या शतकाच्या मध्यास काठमांडूवर प्रतापमल्ल (१६४१-१६७४) राज्य करीत असतां भीममल्ल नांवाच्या त्याच्या कारभाऱ्यानें तिबेटावर स्वारी करून एक करार मिळविला. ल्हासा येथें नेवारांच्या ३२ पेढ्या असाव्यात, त्यांच्या मालावर जकात नसावी, त्यांच्यावर काठमांडूचा एक प्रतिनिधि असावा, आणि कुती व केरुंग येथें दोन्ही सरकारांचा संयुक्त अंमल असावा, अशीं त्याचीं मुख्य कलमें सांगतात. राज्याचा एवढा लाभ करून देणाऱ्या भीममल्लाचा पुढें त्याच्याच राजानें संशयावरून वध करविला असें नेपाळच्या वंशावळींत आहे. मुत्सद्द्यांच्या नशिबीं असे शेवट पुष्कळ देशांत आलेले आहेत.

परंतु या करारांतील सर्वांत विलक्षण कलम नाण्यांचें होतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिबेटास स्वतःची टांकसाळ जवळ जवळ नव्हतीच. तेव्हां असें ठरलें कीं, तिबेटानें शुद्ध रुपें काठमांडूस पाठवावें, तेथें त्याचीं सुमारें अर्ध्या तोळ्याचीं नाणीं पाडावीं, आणि तितक्याच वजनाचीं नाणीं तिबेटास परत जावीं. पूर्वींच्या महेंद्रमल्ल राजाच्या नांवावरून हीं नाणीं ‘महेंद्रमल्ली’ म्हणून ओळखलीं जात. टांकसाळवाल्याचा नफा मुख्यतः रुप्यांत मिसळलेल्या हलक्या धातूंत असे.

एका देशानें आपलें चलन शेजाऱ्याच्या टांकसाळींत पाडून घ्यावें, यापरता विश्वास तो कोणता? आपल्याकडे पेशवाईंत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना शिक्क्यांचे रुपये चालत; पण कोणत्या रुपयास किती बट्टा हें सांगण्यास सराफाची पेढी जवळच असे. पठारावर याक हांकणाऱ्या भोट्यास ती सोय कोठून असणार? त्याचा सराफ म्हणजे काठमांडूच्या राजाची सचोटी. ती शाबूत होती तोंवर एका डोंगरी राज्याचें नाणें एका अफाट पठारावर बिनदिक्कत चाललें. फौजेच्या जोरावरही जें साधलें नसतें, तें येथें विश्वासानें साधलें होतें.

हा विश्वास एका दिवसांत नाहींसा झाला नाहीं. नेपाळच्या खोऱ्यांत त्या वेळीं काठमांडू, पाटण व भातगांव अशीं मल्लांचीं तीन राज्यें होतीं. तिघांच्याही टांकसाळी, आणि तिघांसही तिबेटच्या रुप्याची हांव. त्यांत गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शहा यानें १७४४ सालीं नुवाकोट घेतलें आणि केरुंगकडे जाणाऱ्या वाटेच्या नाडीवर बोट ठेवलें. व्यापार आटला, लढाईचा खर्च वाढला, आणि काठमांडूचा जयप्रकाशमल्ल व भातगांवचा रणजितमल्ल यांनीं अडचणींतल्या राजांचा जुना मार्ग धरला; नाण्यांत तांबें वाढविलें. प्रारंभीं थोडें, मग आणखी थोडें, असें करतां करतां तांब्याचें प्रमाण निम्म्याच्या घरांत गेलें. वर शिक्का तोच, देवतांचीं चिन्हें तींच, वजनही तेंच. आंत मात्र रुप्याऐवजीं तांबें. आपल्याच प्रजेस असें नाणें देणारा राजा निदान करवसुलीच्या वेळीं तेंच नाणें परत घेतो. येथें तर तें घाट ओलांडून परक्या मुलखांत जाणार होतें. पाप दुसऱ्याच्या घरांत लपवितां येतें, या समजुतीनें हें सर्व झालें.

१७६८-६९ मध्यें तिन्ही मल्ल राज्यें पृथ्वीनारायणाच्या हातीं आलीं. तो व्यवहारदक्ष पुरुष होता. त्यानें शुद्ध रुप्याचीं नवीं नाणीं पाडलीं व तिबेटास कळविलें कीं, यापुढें हीं वापरा. तिबेटनें उत्तर दिलें कीं, नवीं नाणीं आनंदानें घेऊं, परंतु आमच्या देशांत पसरलेलीं जुनीं मिश्र नाणीं तुम्हीं त्यांच्या दर्शनी किंमतीनें परत घ्यावीं. येथें सर्व अडलें. पुढें गोरख्यांनीं एका नव्या नाण्यास दोन जुनीं असा भाव पुढें केला. तोही तिबेटास मान्य झाला नाहीं.

या वादांत न्याय कोणाचा? पृथ्वीनारायणाचें म्हणणें असें कीं, खोटीं नाणीं मल्लांनीं पाडलीं; त्यांनीं खाल्लेल्या नफ्याची भरपाई मीं कां करावी? तिबेटचें म्हणणें असें कीं, आम्हीं शुद्ध रुपें दिलें तें काठमांडूच्या टांकसाळीस दिलें; त्या टांकसाळीचा आज जो धनी तोच आमचा ऋणको. आम्हांस वाटतें, दोन्ही बाजूंस कांहीं आधार आहे. परंतु वजन दुसरीकडे अधिक. गादी घेणारा गादीचें देणेंही घेतो, हा नियम आपल्याकडील साध्या वारसाहक्कांतही मानलेला आहे. मल्लांचे वाडे, मल्लांचे घाट व मल्लांचा व्यापारी हक्क हे सर्व हवे, आणि मल्लांचें कर्ज मात्र नको, असें म्हणणें फार काळ टिकत नाहीं.

तथापि सर्व दोष एकाच पारड्यांत टाकणें हा अन्याय होईल. नेपाळचीही तक्रार होती, आणि ती मिठाची होती. तिबेटांतून येणाऱ्या मिठांत माती मिसळलेली असते आणि आमच्या मालावरची जकात मनमानेल तशी वाढविली जाते, असें गोरख्यांचें गाऱ्हाणें होतें. म्हणजे एका शेजाऱ्यानें नाण्यांत तांबें घातलें, दुसऱ्यानें मिठांत माती घातली. खाल्ल्या मिठाला जागावें असें आपण म्हणतों. पण मिठांतच माती असेल तर जागावयाचें कशाला? प्रत्येकास दुसऱ्याची लबाडी दिसत होती व आपली ती केवळ प्रतिकार म्हणून योग्य वाटत होती. शेजाऱ्यांच्या भांडणाची ही नेहमींची रीत आहे. मग ते शेजारी एका वाड्यांतले असोत कीं एका खंडांतले.

पृथ्वीनारायण १७७५ सालीं वारला. त्याच वर्षीं त्याचा मुलगा प्रतापसिंह याच्या वेळीं नाण्यांविषयीं एक करार झाला. पण तो कागदावरच राहिला. पुढें अल्पवयी राजाचा चुलता बहादुर शहा याच्या हातीं कारभार आला आणि १७८८ मध्यें गोरखाली फौजांनीं कुती व केरुंग घेतलें. दुसऱ्या वर्षीं केरुंग येथें तह झाला. त्यांत तिबेटनें सुमारें पन्नास हजार रुपयांची वार्षिक खंडणी कबूल केली. पहिला हप्ता आला, पुढचा थकला. त्यांतच शामरपा नांवाचा लामा, जो १७८० मध्यें पेकिंग येथें देवीच्या रोगानें वारलेल्या पंचेन लामाचा भाऊ होता, वारशाच्या तंट्यामुळें नेपाळांत येऊन राहिला होता; भावाच्या मठांतील संपत्तीच्या कथा त्याच्याकडून दरबारीं पोहोंचल्या. १७९१ मध्यें गोरखे पुन्हा घाट चढले आणि शिगात्से येथील टाशील्हुन्पोचा प्रसिद्ध मठ त्यांनीं लुटला. नाण्याच्या भावाचा तंटा मंदिराच्या लुटीपर्यंत गेला.

दोघे शेजारी आपसांत भांडूं लागले म्हणजे तिसऱ्याचीं पावलें अंगणांत उमटतात. येथें तिसरे दोन निघाले. पहिला चीनचा बादशहा चिएन-लुंग. त्यानें फुकांगआन या सेनापतीस मोठी फौज देऊन पाठविलें. हिमालय उतरून १७९२ च्या पावसाळ्यांत ही फौज बेत्रावती नदीपर्यंत, म्हणजे नुवाकोटच्या नजीक आली. दोन्ही बाजू थकल्या होत्या, बर्फाचे दिवस जवळ येत होते. तेव्हां तह झाला. लूट परत करावी आणि दर पांच वर्षांनीं पेकिंगास नजराणा पाठवावा, हें नेपाळनें मान्य केलें. हा नजराणा कमीअधिक नियमानें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जात राहिला. शेवटचें शिष्टमंडळ १९०६ मध्यें निघालें. दुसरा तिसरा म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. संकटांत सांपडण्याच्या आधींच, १ मार्च १७९२ रोजीं, नेपाळनें कंपनीशीं व्यापारी तह केला होता व त्यांत शेंकडा अडीच जकात ठरली होती. हा तह घडवून आणणारा बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन हाच पुढें १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. चिनी फौज आंत घुसल्यावर दरबारानें कंपनीकडे तोफा व शिपाई मागितले. कॉर्नवॉलिसनें ते दिले नाहींत; मध्यस्थी देऊं केली, आणि त्याचा वकील कर्कपॅट्रिक १७९३ मध्यें नेपाळांत पोहोंचला तों तह होऊन गेला होता. मदत मिळाली नाहीं. पण ज्या मुलखांत कंपनीच्या माणसांस येऊं द्यावयाचें नाहीं असा गोरख्यांचा कटाक्ष होता, तो मुलूख मात्र कर्कपॅट्रिकनें नीट पाहून घेतला. त्यावरचें त्याचें पुस्तक १८११ मध्यें प्रसिद्ध झालें. तीनच वर्षांनीं नेपाळ व कंपनी यांचें युद्ध जुंपलें.

आणि नाणें? ज्यासाठीं हें सर्व झालें तो प्रश्न अगदीं अनपेक्षित रीतीनें सुटला. चिनी अमलाखालीं ल्हासा येथें टांकसाळ नीट सुरू झाली आणि १७९३ पासून चिएन-लुंगच्या नांवाचीं रुप्याचीं नाणीं तिबेटांत पडूं लागलीं. दीडशें वर्षें चालत आलेला काठमांडूचा हक्क संपला. तिबेटनें आपलें नाणें मिळविलें, पण त्यावर नांव परक्या बादशहाचें; नेपाळनें लढाईचा लौकिक मिळविला, पण टांकसाळीचें उत्पन्न गमावलें. दोघांनींही थोडें थोडें द्यावयाचें नाकारलें व दोघांनींही पुष्कळ पुष्कळ घालविलें.

यानंतर साठ वर्षांनीं नेपाळनें पुन्हां शस्त्र उचललें. जंगबहादुर राणा हा धूर्त प्रधान त्या वेळीं सर्वाधिकारी होता. चीन ताइपिंगच्या बंडाळींत गुंतलेला पाहून त्यानें १८५५ मध्यें स्वारी केली. लढाई त्याच्या अपेक्षेइतकी सोपी गेली नाहीं. तथापि मार्च १८५६ मध्यें थापाथली येथें जो तह झाला तो नेपाळच्या पथ्यावर पडला. तिबेटनें दरसाल १०,००० रुपये द्यावे, नेपाळी व्यापाऱ्यांस जकात माफ असावी, ल्हासांत नेपाळचा भारदार म्हणजे वकील असावा, नेपाळी प्रजेचे आपसांतले खटले त्यानें चालवावे आणि मिश्र खटले दोघांच्या अधिकाऱ्यांनीं मिळून चालवावे; उलट तिबेटावर परचक्र आल्यास नेपाळनें साह्य करावें, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं. युरोपीय राष्ट्रें चीनमध्यें ज्या सवलती तोफांच्या धाकानें मिळवीत होतीं, तशाच सवलती हिमालयांतील या लहान राज्यानें आपल्या शेजाऱ्याकडून मिळविल्या हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. बलिष्ठांचे दोष दुर्बळांस फार लवकर शिकतां येतात.

अशा सवलतींचें ओझें ल्हासाच्या बाजारांतील साध्या नेवार दुकानदारास वाहावें लागलें. १८८३ मध्यें एका दुकानांतील क्षुल्लक भांडणावरून दंगा पेटला आणि भिक्षूंच्या जमावानें नेवारांचीं दुकानें लुटलीं. भरपाई मिळाली, मन मात्र भरून निघालें नाहीं. पुढें १९०४ मध्यें यंगहस्बंडची इंग्रज फौज ल्हासावर चालून आली. १८५६ च्या तहाप्रमाणें नेपाळनें तिबेटच्या बाजूनें उभें राहावयाचें होतें. चंद्र शमशेर यानें तिबेटास तडजोडीचा उपदेश केला आणि इंग्रजांस ओझ्याचे याक पुरविले. राज्याच्या सुरक्षिततेसाठीं त्याला दुसरा मार्ग दिसला नसेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वचन तें वचनच. आणि याचें फळ काय? इंग्रजांनीं सिक्कीमजवळचा, जेलेप खिंडीवरून चुंबीच्या खोऱ्यांत उतरणारा रस्ता खुला केला. लोंकरीचा माल कालिंपोंगास उतरूं लागला व तेथून रेल्वेनें कलकत्त्यास जाऊं लागला. काठमांडूचे घाट ओस पडत चालले. नेवार व्यापाऱ्यांनींही आपल्या पेढ्या कालिंपोंगास थाटल्या. जकात माफीचा हक्क कायम होता. पण ज्या वाटेवरची जकात माफ होती त्या वाटेनें मालच येईनासा झाला! तलवारीनें सवलत मिळवितां येते. गिऱ्हाइकास त्याच दारानें यावयास लावतां येत नाहीं.

एवढ्यावरून या शेजाराची कथा केवळ फसवणुकीची व लढायांची होती असा कोणी समज करून घेऊं नये. १९१२ मध्यें चिनी फौज ल्हासांत कोंडली गेली तेव्हां तिची शस्त्रें ठेववून तिला सुखरूप वाटेस लावण्याची मध्यस्थी नेपाळच्या वकिलानेंच केली. दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल असा दुसरा माणूस ल्हासांत नव्हता. त्याहून मोठी गोष्ट सामान्य जनांची. नेवार तरुण वर्षानुवर्षें ल्हासांत राहात. पुष्कळांनीं तेथें भोटी स्त्रियांशीं संसार थाटले. त्या संसारांतील मुलगे नेपाळची प्रजा व मुली तिबेटची, असा रिवाज होता. एकाच चुलीभोंवतीं जेवणारीं भावंडें दोन सरकारांत वांटलीं जात, तरी चूल एकच राही. १९३६ मध्यें लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांनीं लिहिलेलें ‘मुनामदन’ हें नेपाळचें अत्यंत लोकप्रिय काव्य अशाच एका ल्हासास गेलेल्या काठमांडूच्या तरुणाचें आहे. वाटेंत आजारी पडलेल्या त्या तरुणास त्याचे सोबती टाकून जातात. त्यास उचलून घरीं नेतो तो एक भोट्या. दरबारांनीं जें नाणें बिघडविलें, तें लोकांनीं आपल्या परीनें शुद्ध ठेविलें होतें.

पुढील हकीगत थोडक्यांत सांगतां येईल. १९५१ मध्यें तिबेट चीनच्या सत्तेखालीं आला. २० सप्टेंबर १९५६ रोजीं नेपाळ व चीन यांच्यांत जो करार झाला त्यानें शंभर वर्षांपूर्वींचा थापाथलीचा तह रद्द झाला. वार्षिक रक्कम गेली, न्यायाचे विशेष हक्क गेले, वकिलाचें लष्करी पथक गेलें. १९६१ मध्यें सीमा ठरली. कुतीच्या जुन्या वाटेनें कोदारीस जाणारा मोटारीचा रस्ता १९६७ मध्यें सुरू झाला, आणि २०१५ च्या भूकंपांत ती वाट बंद पडल्यावर व्यापार पुन्हां जुन्या केरुंगच्या दारानें जाऊं लागला. राज्यें बदललीं, तह बदलले. दारें मात्र तींच दोन राहिलीं. मिठाचा व्यापार संपला, कारण भारताच्या समुद्रकांठचें मीठ डोंगरांत पोहोंचलें. ल्हासांत नेपाळचा वाणिज्य-दूतावास आजही आहे. प्रतापमल्लाच्या काळच्या त्या करारापासून चालत आलेल्या संबंधाची ती एक खूण होय.

या इतिहासापासून घ्यावयाचें तें काय? शेजारी राष्ट्र हें स्वभावतःच शत्रु असतें, असें आपल्या प्राचीन राजनीतिशास्त्रानें मानलें आहे. वरील हकीगत त्या मतास पुष्टि देणारी आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. नेपाळ व तिबेट हे स्वभावानें शत्रु नव्हते. मीठ व तांदूळ यांनीं त्यांस बांधून टाकलें होतें. शत्रुत्व आलें तें तांब्याच्या त्या लहानशा अंशांतून, जो प्रथम कोणाच्या लक्षांतही आला नसेल. आणि तो दोष कळून आल्यावरही त्याचें नुकसान कोणी सोसावयाचें याचा निकाल लागला नाहीं, म्हणून चौदा वर्षांनीं नव्हे तर चाळीस वर्षांनींही तो वाढतच गेला. त्या वेळीं कांहीं लाख नाणीं थोड्या तोट्यानें परत घेतलीं असतीं, तर काठमांडूची टांकसाळ आणखी किती वर्षें पठारास नाणें पुरवीत राहिली असती कोण जाणे!

शेजार निवडतां येत नाहीं. तो देवानें दिलेला असतो. निवडतां येतें तें एवढेंच कीं, आपण शेजाऱ्याच्या हातावर जें नाणें ठेवूं तें वाजवून पाहण्याची त्याला गरज पडावी कीं न पडावी. आणि आपल्या वाडवडिलांनीं पाडलेलें एखादें खोटें नाणें त्यानें पुढें केलें, तर ‘हें आमचें नव्हे’ असें न म्हणतां तें परत घेण्याची हिंमत आपल्यांत असावी. अशा तोट्याची नोंद कोणत्याही राष्ट्राच्या जमाखर्चांत खर्चाच्या बाजूस पडते खरी. पण पुष्कळ वर्षांनीं हिशेब तपासणारास ती जमेच्या बाजूस आढळते.